मधला ठिपका

या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र कुठे दिसत नाही. गिरण्यांच्या काळात
तिला नळात कोंडून वरून रस्ता नेला.
लेओकादिया म्हणायची, बघ,
वूचमधला पहिला दृष्टिभ्रम नगरपालिकेचा,
मी नंतरची.

मी तिच्याकडे टेप लावायला होतो, अकरा वर्षं.
कागदी टेप, पट्टीला धरून, श्वास रोखून.
एक काळी, एक पांढरी, एक काळी.
कडा नखानं दाबायची,
रंग खालून झिरपला की सगळं पुन्हा.
ती स्टुलावर बसून
थंड झालेल्या कॉफीत लिंबाची फोड बुडवायची.
"सूतभर डावीकडे, कोर्नेल.
भिंत तिथंच फुगणार आहे."

आणि फुगायची.
रेघा सुतासारख्या सरळ, मी स्वतः मोजलेल्या,
तरी कॅनव्हासच्या पोटात काहीतरी हलायचं,
झोपलेल्या जनावरासारखं.
एका प्रदर्शनात एका बाईंना भोवळ आली.
त्यांच्या हातात पाण्याचा पेला देत
लेओकादियानं विचारलं,
"नेमकी कितव्या चौकोनापाशी?"
आणि वहीत टिपून घेतलं.

हे ती शिकली गिरणीत.
सोळाव्या वर्षी, कापड तपासायच्या टेबलाशी:
विरळ विणीचे दोन थर एकमेकांवर सरकले
की मध्ये पाण्यासारख्या लाटा उठायच्या.
मुकादम म्हणायचा, मालात खोट आहे.
ती एक थर उचलून दाखवायची, यात नाही.
दुसरा उचलायची, यातही नाही.
मग ती राहते कुठे?
मुकादमाला उत्तर नको होतं, माल हवा होता.
लेओकादिया त्या प्रश्नाला
पंचावन्न वर्षं चिकटून राहिली.

नोव्हेंबरात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
डॉक्टरीण तरुण. तिनं हातावर एक कार्ड ठेवलं,
बारीक चौकटी, मधोमध ठिपका.
उजवा डोळा झाका.
ठिपक्यावरून नजर हलवू नका.
रेघा सरळ दिसतात?

लेओकादिया बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "कुणी काढलंय हे?"
"कुणी नाही. छापील असतं."
"काम चांगलं आहे. वर उजवीकडे उचललंय,
ठिपक्यापाशी खड्डा."
"कार्ड सपाट आहे, बाई."
"माझीही सगळी सपाटच होती," ती म्हणाली,
आणि इतकी हसली
की बाहेरच्या बाकावरचे आत डोकावले.

ट्राममध्ये मात्र एक अक्षर नाही.
घरी आल्यावर दाराच्या चौकटीवरून हात फिरवला,
वरपासून खालपर्यंत, दोनदा.
"फुकट मिळायला लागलं रे," म्हणाली.
राग होता त्यात. कष्टाशिवाय
भिंत वाकते म्हणजे काय.

मग तिनं मला शेवटचं काम सांगितलं.
डावा डोळा उघडा ठेवून ती बोट दाखवणार,
मी टेप वाकवणार.
इथे खाली ओढ. इथे पोट काढ. अजून.
अकरा वर्षांचं हाताचं वळण
त्या महिन्यात मोडलं. मी रात्री पट्टी उशाशी घेऊन झोपायचो.
जानेवारीत ते पुरं झालं:
तुम्हा-आम्हाला दिसेल चुरगळलेली चादर,
तिला दिसली साधी, स्थिर जाळी.
"काहीच हलत नाहीये," ती म्हणाली.
खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली,
कॉफी निवेपर्यंत, मग अंधार पडेपर्यंत.

नऊ दिवस टिकली ती जाळी.
दहाव्या दिवशी म्हणाली, सरकलंय.
पुन्हा करू? मी विचारलं.
तिनं लिंबाची फोड चोखत मान हलवली.
नाही.

ते कार्ड आता माझ्या फ्रिजवर आहे.
सकाळी दूध काढताना एक डोळा झाकतो,
ठिपक्याकडे बघतो.
रेघा सरळ आहेत.
फार वेळ बघितलं तर
तेवढी खात्री राहत नाही.